कार्बनचा पिंजरा आणि सहा इलेक्ट्रॉन

काशीक्षेत्री मणिकर्णिकेच्या उत्तरेस, शिंदे घाट आणि संकटा घाट मागे टाकून थोडे पुढे गेले म्हणजे नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेला दगडी घाट लागतो. वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि खाली गंगेच्या पात्रात उतरत गेलेल्या पायऱ्या, असे या भोसले घाटाचे रूप आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री काशीच्या साऱ्या घाटांवर दिव्यांच्या रांगा लागतात. दिवे विझल्यावर सकाळी दगडांवर जे उरते ती काजळी. आपल्या घरांतून हीच काजळी दिव्यावर भांडे पालथे धरून जमविली जाई आणि तुपात खलून डोळ्यांत घातली जाई. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय या काजळीच्याच एका दूरच्या, पण विलक्षण नातलगाचा आहे. साध्या दिव्याच्या काजळीत तो शोधू जावे तर हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. परंतु ग्राफाइटच्या दोन कांड्यांमध्ये हेलियम वायूत विजेची ठिणगी सतत पेटती ठेवून जी काजळी तयार होते तिच्यात हा पदार्थ शेकड्याने काही भाग असतो, आणि ती काजळी बेंझिनमध्ये ढवळली असता बेंझिनला मद्यासारखा तांबडा रंग चढतो. काळ्या कार्बनातून रंगीत विद्राव निघावा, ही गोष्टच मुळात रसायनशास्त्रज्ञाला थांबवून विचार करावयास लावणारी आहे. हिरा कोणत्याही द्रवात विरघळत नाही आणि ग्राफाइटही विरघळत नाही.

हा पदार्थ म्हणजे साठ कार्बन अणूंचा बनलेला पोकळ रेणू होय. त्याला सी-६० असे म्हणतात. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल व रिचर्ड स्मॉली यांनी आपल्या विद्यार्थी सहकाऱ्यांसह ग्राफाइटवर लेसर किरण पाडून तो प्रथम ओळखला, आणि १९९६ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घुमटाकार इमारतींचे प्रसिद्ध वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या नावावरून या जातीच्या रेणूंना 'फुलरीन' हे नाव पडले. मात्र १९८५ मध्ये जो पदार्थ मिळाला तो केवळ उपकरणाला जाणवेल इतकाच होता. बाटलीत भरून ठेवता येईल इतका सी-६० १९९० मध्ये क्रेट्श्मर व हफमन यांनी वर सांगितलेल्या ठिणगीच्या रीतीने मिळविला, आणि त्यानंतरच त्याचे खरे रसायनशास्त्र सुरू झाले. त्या रसायनशास्त्राचा पहिला आणि आजवर सर्वांत ठळक ठरलेला धडा असा की, हा पिंजरा इलेक्ट्रॉनांचा भुकेला आहे.

पिंजऱ्याची घडण

चामड्याचे तुकडे शिवून केलेला फुटबॉल ज्याने पाहिला आहे त्याला सी-६० ची रचना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. बारा पंचकोन आणि वीस षट्कोन मिळून त्याचा पृष्ठभाग बनतो. प्रत्येक कोपऱ्यावर एक कार्बन अणू, असे साठ कोपरे. आणि कडा नव्वद. वाचकांनी हे आकडे स्वतः पडताळून पाहावे. पंचकोनांचे साठ आणि षट्कोनांचे एकशेवीस असे एकूण एकशेऐंशी कोपरे होतात, आणि प्रत्येक कोपरा तीन तुकड्यांना सामाईक असल्याने अणू साठच भरतात. षट्कोन नुसते जोडीत गेले तर सपाट जाळे तयार होते; ते ग्राफाइट. त्यात पंचकोन शिरला की जाळे वाकते. असे बारा पंचकोन झाले की ते पूर्ण मिटून गोल होते. या गोलाचा व्यास एका अणुकेंद्रापासून समोरच्या अणुकेंद्रापर्यंत मोजला तर सुमारे ७.१ आँगस्ट्रॉम, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे.

नव्वद कडा सारख्या नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दोन षट्कोनांमधील तीस बंध आखूड, सुमारे १.४० आँगस्ट्रॉम लांबीचे आहेत. षट्कोन व पंचकोन यांमधील साठ बंध किंचित लांब, सुमारे १.४५ आँगस्ट्रॉमचे आहेत. आखूड बंध दुहेरी बंधासारखे आणि लांब बंध एकेरीसारखे वागतात. म्हणजे बेंझिनमध्ये जसे सर्व बंध एकसारखे होऊन इलेक्ट्रॉन वलयभर समरस होऊन जातात, तसे येथे पूर्णतः होत नाही. बेंझिनचा रेणू संतुष्ट गृहस्थासारखा आहे. त्याला बाहेरून काही नको असते. सी-६० ची वृत्ती तशी नाही.

क्षपण या शब्दाविषयी

धातुकाच्या भट्टीत लोखंडाच्या ऑक्साइडातून कोळसा ऑक्सिजन काढून घेतो, त्या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात, हे शाळेत शिकविले जाते. पुढे असे दिसून आले की, ऑक्सिजन जाणे हे या क्रियेचे एक बाह्य रूप आहे. आत घडते ते असे की, लोखंडाच्या अणूला इलेक्ट्रॉन परत मिळतात. म्हणून आज कोणत्याही अणूने अथवा रेणूने इलेक्ट्रॉन स्वीकारणे यालाच क्षपण म्हणतात, मग तेथे ऑक्सिजनचा लवलेशही नसो. इलेक्ट्रॉन देणाऱ्याचे ऑक्सिडीकरण होते, घेणाऱ्याचे क्षपण होते, आणि एकाशिवाय दुसरे घडत नाही. 'क्षपण' या शब्दात क्षय ध्वनित होतो आणि प्रत्यक्षात तर रेणूला काहीतरी मिळते, ही विसंगती विद्यार्थ्यांना नेहमी खटकते. शब्द जुन्या कल्पनेतून आला आहे. तो तसाच राहिला.

इलेक्ट्रॉन देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, इलेक्ट्रॉन सोडण्यास उत्सुक असा दुसरा पदार्थ, उदाहरणार्थ सोडियम किंवा पोटॅशियम धातू, त्याच्याशी गाठ घालून देणे. हा रासायनिक मार्ग. दुसरा, विद्रावात धातूची पट्टी अथवा तार बुडवून बाहेरील विद्युत् मंडलातून इलेक्ट्रॉन पुरविणे. हा विद्युत् रासायनिक मार्ग. पहिल्यात दात्याची निवड एकदा केली की देण्याची तीव्रता ठरून जाते. दुसऱ्यात ती हवी तशी, अगदी व्होल्टच्या शतांश भागापर्यंत, बदलता येते. म्हणूनच पिंजऱ्याची भूक नेमकी मोजण्याचे काम दुसऱ्या मार्गाने झाले आणि त्याची लवणे बाटलीत भरण्याचे काम बहुधा पहिल्या मार्गाने.

सहा जागा

कोणत्याही रेणूतील इलेक्ट्रॉन ठराविक ऊर्जापातळ्यांवर बसलेले असतात आणि एका जागेत दोनच मावतात. सी-६० मध्ये भरलेल्या पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या पातळीवर एकाच ऊर्जेच्या पाच जागा आहेत. त्या दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण व्यापल्या आहेत. तिच्या वरची पहिली रिकामी पातळी एकाच ऊर्जेच्या तीन जागांची आहे. तीन जागा आणि प्रत्येकी दोन, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन तेथे सामावू शकतात. गोलाची अत्युच्च समरूपता हेच एका पातळीवर इतक्या जागा येण्याचे कारण होय. ही रिकामी पातळी बरीच खालीही आहे. कार्बनचे जाळे वाकल्यामुळे अणूंचे बंध एका प्रतलात राहू शकत नाहीत, आणि त्यामुळे वरच्या इलेक्ट्रॉनकक्षांत केंद्राशी अधिक सलगी असलेल्या कक्षांचा अंश मिसळतो. अशा जागेवर येणारा इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरला जातो. पंचकोनांचा हातभार निराळाच आहे. पाच कार्बनांच्या वलयाला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला तर ते बेंझिनसारखे स्थिर होते, हे फेरोसीनसारख्या संयुगांवरून आधीच माहीत होते. सी-६० मध्ये असे बारा पंचकोन आहेत.

बेल प्रयोगशाळेतील हॅडन, ब्रूस व राघवाचारी यांनी १९८६ मध्ये, म्हणजे पदार्थ बाटलीत येण्याच्या चार वर्षे आधी, गणिताने हे दाखवून दिले होते. भाकीत स्पष्ट होते: हा रेणू इलेक्ट्रॉन सहज स्वीकारील. पण गणित कागदावर असते. सहापैकी किती इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात आत जातील आणि पिंजरा त्यांचा भार सहन करील काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

शंका रास्त होती. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारतात. साडेतीन आँगस्ट्रॉम त्रिज्येच्या गोलावर आधीच एक इलेक्ट्रॉन असताना दुसरा आणावयाचा तर निर्वातात केवळ या अपसारणासाठी चार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागेल, असे साध्या हिशेबाने निघते. उलट, एकट्या पहिल्या इलेक्ट्रॉनाला बांधून ठेवण्याने पिंजऱ्याला मिळणारी ऊर्जा मोजली गेली आहे ती सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच आहे. अपसारण इलेक्ट्रॉन पृष्ठभर पसरल्याने काहीसे सौम्य होते, तरीही वायुरूप अवस्थेत दोन ऋणभारांचा सी-६० मोठ्या कष्टाने टिकतो. मग सहांची गोष्ट कशाला? उत्तर असे की, विद्रावात रेणू एकटा नसतो. भोवतालचे द्रवाचे रेणू आपली धन टोके त्याच्याकडे वळवून उभे राहतात, विद्रावातील धन आयन जवळ येतात, आणि अपसारणाचा मोठा भाग झाकला जातो. तेव्हा सहा इलेक्ट्रॉनांचा प्रश्न पिंजऱ्याइतकाच योग्य द्रव शोधण्याचाही प्रश्न होता.

घाटाच्या पायऱ्या

हा शोध कसा लागला हे समजण्यासाठी पुन्हा एकदा भोसले घाटाची आठवण करू. पावसाळ्यात गंगा चढू लागते तेव्हा पाणी एक पायरी बुडविते, मग काही काळाने दुसरी, मग तिसरी. पायरी केव्हा बुडाली हे पाहून पाण्याची पातळी सांगता येते आणि उलट पाण्याची पातळी मोजून पायऱ्यांची उंची काढता येते. विद्रावात बुडविलेल्या प्लॅटिनमच्या किंवा काचेसारख्या कार्बनच्या विद्युत् अग्रावर आपण दाब जसजसा अधिक ऋण करीत जातो, तसतशी त्या अग्रातील इलेक्ट्रॉनांची पातळी चढत जाते. ती रेणूच्या पहिल्या रिकाम्या पायरीशी आली की इलेक्ट्रॉन अग्रातून रेणूत ओघळतात आणि बाहेरील मंडलात प्रवाह उसळलेला दिसतो. अग्राजवळचे सर्व रेणू एकेक इलेक्ट्रॉन घेऊन बसले की प्रवाह ओसरतो. पातळी आणखी चढली की दुसरा उसळा येतो. मग दाब उलट दिशेने परत आणावयाचा. रेणूने घेतलेले इलेक्ट्रॉन त्याने जसेच्या तसे परत केले तर तेवढेच उसळे उलट दिशेने दिसतात, आणि त्यावरून पिंजरा मोडला नाही याची खात्री पटते. या चढउताराचा आलेख म्हणजेच चक्रीय व्होल्टमापन.

१९९० मध्ये राइस विद्यापीठातीलच संशोधकांनी अशा आलेखात दोन उसळे पाहिले. वर्षभरात इतरांनी तीन, चार आणि पाच पाहिले. सहावा मात्र हाती येईना. अडचण पिंजऱ्यात नव्हती, द्रवात होती. सी-६० टोल्यूईनमध्ये बऱ्यापैकी, एका मिलिलिटरात सुमारे २.८ मिलिग्रॅम, विरघळतो. पण टोल्यूईनमध्ये लवणे विरघळत नाहीत आणि वीज वाहत नाही. ॲसिटोनायट्राइलमध्ये लवणे विरघळतात, पण सी-६० जवळजवळ विरघळत नाही. शिवाय इलेक्ट्रॉन मिळून सी-६० आयन झाला की त्याची रुची पालटते. जो टोल्यूईनला धरून होता तोच आता ॲसिटोनायट्राइलसारख्या ध्रुवीय द्रवाकडे झुकतो. आणि इतक्या तीव्र ऋण दाबाला पुष्कळसे द्रव स्वतःच विघटन पावतात, तेव्हा सहाव्या पायरीशी पोचण्याआधीच पात्र फुटून वाहू लागावे तसा प्रकार होतो.

१९९२ मध्ये मायामी विद्यापीठातील शिए, पेरेस-कोर्देरो व एचेगोयेन यांनी दोन्ही द्रवांचे मिश्रण, त्यात टोल्यूईनचा भाग बराच मोठा, घेऊन ते उणे १० अंश सेल्सियसपर्यंत थंड केले आणि सहाच्या सहा पायऱ्या एका आलेखात दाखविल्या. फेरोसीनची पातळी शून्य धरून त्यांचे दाब अनुक्रमे उणे ०.९८, १.३७, १.८७, २.३५, २.८५ आणि ३.२६ व्होल्ट आले. वाचकांनी लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करून पाहावी. अंतरे ०.३९ पासून ०.५० व्होल्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ सारखी आहेत. दर वेळी एकाच ऊर्जेच्या जागांत इलेक्ट्रॉन जात आहेत आणि दर वेळी आधीच्या भारामुळे साधारण सारखाच जादा खर्च पडत आहे, याचा हा पुरावा. आणि निर्वातात जो खर्च चार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या घरात जाईल तो येथे सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टावर आला आहे तो द्रव आणि आयन यांच्या कृपेने! हॅडन आणि त्यांचे सहकारी यांचे भाकीत अशा रीतीने अक्षरशः खरे ठरले. सत्तर कार्बनांच्या पिंजऱ्यानेही, अर्थात सी-७० ने, त्याच प्रयोगात सहा इलेक्ट्रॉन घेतले.

उणे ०.९८ हा आकडा एकटा पाहिला तर काही बोलत नाही. तुलना केली म्हणजे तो बोलू लागतो. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थॅलीन हाही कार्बनच्या वलयांचाच पदार्थ आहे. त्याला पहिला इलेक्ट्रॉन द्यावयाचा तर याहून सुमारे दोन व्होल्ट अधिक ऋण दाब लावावा लागतो. इलेक्ट्रॉन स्वीकारण्यात प्रसिद्ध असलेला बेंझोक्विनोन मात्र सी-६० च्या अगदी जवळ बसतो. क्विनोनमध्ये ऑक्सिजनचे अणू असतात आणि इलेक्ट्रॉन ओढण्याचे काम ते करतात. सी-६० मध्ये कार्बनखेरीज दुसरे काहीही नाही. निव्वळ आकाराच्या बळावर कार्बनने ऑक्सिजनयुक्त संयुगाची बरोबरी करावी, हे त्या काळी अनेकांना नवल वाटले आणि ते नवल सार्थ होते.

विजेचा हिशेब

शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग होणे कठीण, कारण हवा आणि ओलावा यांचा स्पर्श विद्रावाला होऊ देता येत नाही; परंतु त्याचा हिशेब मात्र फळ्यावर करता येतो. सी-६० चा रेणुभार सुमारे ७२० आहे. तेव्हा ७.२ मिलिग्रॅम पदार्थात एका मोलचा एक लक्षांश भाग भरतो. फॅरडे यांच्या नियमाप्रमाणे एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ९६,५०० कूलंब. म्हणून या ७.२ मिलिग्रॅमातील प्रत्येक रेणूला एकेक इलेक्ट्रॉन देण्यासाठी ०.९६५ कूलंब विद्युत् भार पुरतो. एक मिलिअँपिअर प्रवाह चालू ठेवला तर त्याला ९६५ सेकंद, म्हणजे सोळा मिनिटे लागतील. सर्व सहा इलेक्ट्रॉन देण्यास दीड तासाहून थोडा अधिक वेळ. दाब पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या दरम्यान स्थिर ठेवला तर केवळ एकभारी आयन मिळतो. दुसरी व तिसरी यांच्या दरम्यान ठेवला तर द्विभारी. विजेने पदार्थ तयार करण्याची ही रीत इतकी शुद्ध फळ देते ती यामुळेच.

प्रत्येक आयनाचा रंग निराळा असतो. सी-६० चा टोल्यूईनमधील विद्राव जांभळा. एक इलेक्ट्रॉन मिळाला की गडद तांबूस-जांभळा. दोन मिळाले की नारिंगी झाक असलेला तांबडा. डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात खूण याहून पक्की आहे. एकभारी आयन सुमारे १,०८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि द्विभारी आयनाचा पट्टा ९५० च्या आसपास पडतो.

रासायनिक मार्ग

दाता निवडावयाचा तर वरचीच शिडी समोर ठेवावी लागते. कोबाल्टोसीन नावाच्या संयुगाची इलेक्ट्रॉन देण्याची पातळी फेरोसीनच्या मानाने उणे १.३३ व्होल्ट आहे. ती पहिल्या पायरीच्या पलीकडे आणि दुसरीच्या किंचित अलीकडे येते. साहजिकच कोबाल्टोसीन एक इलेक्ट्रॉन देते आणि थांबते. सोडियम, पोटॅशियम यांसारखे धातू अधिक उदार आहेत. तेथे प्रमाण मोजून घालावे लागते, नाही तर एकाच पात्रात दोन-तीन प्रकारच्या आयनांची भेसळ होते. लिथियम धातू आणि श्राव्यातीत ध्वनिलहरी यांच्या साहाय्याने १९९१ मध्ये बाउश, सूर्यप्रकाश, ओलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यावर बरेच इलेक्ट्रॉन चढविले व मग त्यात मिथिल आयोडाइड घालून मिथिल गट जोडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इलेक्ट्रॉन नुसते घेऊन बसणे आणि ते वापरून नवे बंध जोडणे, या दोन भिन्न घटना आहेत. जवळपास हायड्रोजन आयन देणारा पदार्थ असेल तर इलेक्ट्रॉनाच्या पाठोपाठ हायड्रोजनही पिंजऱ्याला चिकटतो. १९९० मध्ये राइस येथे द्रव अमोनियात लिथियम विरघळवून आणि त्यात ब्यूटिल अल्कोहोल घालून छत्तीस हायड्रोजन अणू जोडलेला पांढरट पदार्थ मिळाला, आणि योग्य ऑक्सिडीकारकाने ते हायड्रोजन काढून टाकल्यावर मूळ सी-६० परत आला. कार्बनच्या पृष्ठभागाला हायड्रोजन धरावयास आणि सोडावयास लावणे हा पुढे ऊर्जेच्या दृष्टीने मोठा विषय झाला. काशी हिंदू विश्वविद्यालयात ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी हायड्रोजनाच्या साठवणीचे व कार्बनच्या सूक्ष्म रूपांचे संशोधन अनेक वर्षे चालविले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. कार्बन नळ्यांपासून गाळणी करण्याचा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगातील एक सहकारी पुलिक्कल अजयन हे याच विश्वविद्यालयातून १९८५ मध्ये, म्हणजे सी-६० च्या शोधाच्याच वर्षी, धातुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले होते.

इलेक्ट्रॉन देण्यासाठी प्रकाशही कामी येतो. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून अमेरिकेतील नोत्र दाम येथे काम करणाऱ्या प्रशांत कामत यांनी १९९१ मध्ये झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश पाडून त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन सी-६० ला घ्यावयास लावले. सौर घटांत फुलरीनचा जो उपयोग पुढे झाला त्याचे तत्त्व याच जातीचे आहे: प्रकाशाने हललेला इलेक्ट्रॉन शेजारच्या पिंजऱ्याने चटकन उचलावा आणि परत जाऊ देऊ नये. १९९५ पासून वीस एक वर्षे सेंद्रिय सौर घटांत फुलरीनच प्रमुख होते. त्यानंतर त्यांची जागा बऱ्याच अंशी इतर रेणूंनी घेतली.

तुर्भे येथील प्रयोग

याहून विलक्षण रीत मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात वापरली गेली. तेथे प्रवेगकातून अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा अत्यल्पकाळ टिकणारा झोत पाण्यावर सोडतात. पाण्याचे रेणू फुटतात आणि काही मोकळे इलेक्ट्रॉन पाण्यातच वावरू लागतात. त्यांना जलयुक्त इलेक्ट्रॉन म्हणतात. यांच्याइतका प्रबळ क्षपणकारक पाण्यात दुसरा क्वचितच सापडेल. पण सी-६० तर पाण्यात मुळीच विरघळत नाही! त्यावर तोड अशी की, स्टार्चपासून मिळणारा सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचा वाटीच्या आकाराचा शर्करारेणू घ्यावयाचा. त्याच्या गॅमा प्रकारात ग्लुकोजची आठ एकके वलयाने जोडलेली असतात. अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून त्यांत एक पिंजरा बसतो, करंडीत लाडू बसावा तसा, आणि हे जोडपे पाण्यात विरघळते. प्रियदर्शिनी, हरी मोहन व मित्तल यांनी गुल्डी व आस्मुस या परदेशी सहकाऱ्यांसमवेत १९९४ मध्ये या पाण्यातील पिंजऱ्याचे अशा झोताने होणारे क्षपण प्रसिद्ध केले. पाणी फुटताना इलेक्ट्रॉनांबरोबरच हायड्रॉक्सिल हे त्यांचे विरोधी घटकही निर्माण होतात. अशा प्रयोगांत ते अल्कोहोल घालून टिपून घेतले जातात आणि विद्रावातील ऑक्सिजन नायट्रोजन वायूने आधीच हाकलला जातो. राहिलेला इलेक्ट्रॉन वाटीची भिंत ओलांडून पिंजऱ्यात शिरला की १,०८० नॅनोमीटरजवळची खूण मायक्रोसेकंदांच्या हिशेबात उमटते. तुर्भ्याच्याच पालित, सप्रे व मित्तल यांनी बंगळूरच्या सी. एन. आर. राव यांच्यासह १९९२ मध्ये या रेणूंच्या प्रकाशविषयक गुणधर्मांचा अभ्यास केला होता. भारतात हा विषय किती लवकर हाती घेतला गेला हे या वर्षांवरून दिसते.

अर्धी भरलेली पातळी

विद्राव सोडून घनरूपाकडे वळले म्हणजे या इलेक्ट्रॉनभुकेचे सर्वांत आश्चर्यकारक फळ दिसते. सी-६० च्या स्फटिकात गोल रचून ठेवलेल्या तोफगोळ्यांसारखे रेणू असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात: प्रत्येक रेणूमागे एक मोठी आणि दोन लहान. निर्वात नळीत सी-६० ची भुकटी व पोटॅशियम एकत्र तापविले असता धातूची वाफ या पोकळ्यांत शिरते आणि तीनही पोकळ्या भरल्या की प्रत्येक पिंजऱ्याला तीन इलेक्ट्रॉन मिळतात. तीन म्हणजे सहांचे निम्मे. पूर्ण रिकाम्या पातळीतून वीज वाहत नाही, कारण वाहण्यास इलेक्ट्रॉन नाहीत. पूर्ण भरलेल्या पातळीतूनही वाहत नाही, कारण सरकण्यास जागा नाही. अर्ध्या भरलेल्या पातळीत दोन्ही आहेत. १९९१ मध्ये बेल प्रयोगशाळेत हेबार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी हा पदार्थ थंड केला तेव्हा केल्विन मापनाच्या १८ अंशांखाली त्याचा विद्युत् रोध पार नाहीसा झाला. तो अतिसंवाहक बनला. पोटॅशियमऐवजी रुबिडियम घेतले तर ही मर्यादा २८ अंशांच्या जवळपास जाते, आणि सीझियमचे लवण दाबाखाली ठेवले तर ३८ अंशांपर्यंत. त्याच पोटॅशियमचे प्रमाण सहावर नेले की पदार्थ पुन्हा विद्युत् निरोधक होतो. मात्र चार पोटॅशियम घेतले तर पातळी पुरती भरलेली नसूनही वीज वाहत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवितात आणि पिंजरा किंचित आकार बदलतो. तेव्हा वरील साधे विवरण सर्वत्र पुरत नाही, हे सांगून ठेवणे बरे.

एका सेंद्रिय दात्याशी सी-६० चे जे लवण १९९१ मध्ये वुडल यांच्या गटाने तयार केले ते १६ केल्विनखाली लोहचुंबकीय असल्याचे आढळले, आणि त्यात लोखंडच काय, कोणत्याही धातूचा अणू नव्हता.

आतून मिळणारे इलेक्ट्रॉन

आतापर्यंत दाता पिंजऱ्याच्या बाहेर होता. तो आतही असू शकतो. ग्राफाइटमध्ये लँथॅनम मिसळून त्याची वाफ केली असता ब्याऐंशी कार्बनांच्या पिंजऱ्यात लँथॅनमचा एक अणू कोंडलेला सापडतो, आणि त्याने आपले तीन इलेक्ट्रॉन भोवतालच्या भिंतीला देऊन टाकलेले असतात. १९९९ मध्ये स्टीव्हन्सन, डॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशी कार्बनांच्या पिंजऱ्यात तीन स्कँडियम व एक नायट्रोजन असा चार अणूंचा गट कोंडलेला शोधून काढला. हा गट भिंतीला सहा इलेक्ट्रॉन देतो. ऐंशी कार्बनांचा त्या समरूप आकाराचा पिंजरा रिकामा असताना फार अस्थिर आहे; आतील गटाचे सहा इलेक्ट्रॉन मिळाले की तो इतका स्थिर होतो की सी-६० व सी-७० यांच्या पाठोपाठ विपुलतेने मिळणाऱ्या फुलरीनांत त्याची गणना होते.